दिवाळखोरीतील कर्जाची पुनःस्वीकृती : अमेरिकन कायदा आणि फिकही दृष्टी

वाणिज्य व विधी शाखेच्या वर्गात दिवाळखोरीचा विषय निघाला की विद्यार्थी हमखास विचारतात, "न्यायालयाने कर्ज माफ केले तर मुसलमानाने ते फेडायचे की नाही?" या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या दिवाळखोरी संहितेतील एका छोट्या तरतुदीच्या आधारे चांगले समजावता येते. तिला 'रिअफर्मेशन' म्हणजे कर्जाची पुनःस्वीकृती असे म्हणतात.

अमेरिकेत 1978 च्या संहितेतील प्रकरण 7 खाली व्यक्ती अर्ज करते, तेव्हा विश्वस्त तिची विक्रीयोग्य मालमत्ता धनकोंमध्ये वाटतो. उरलेल्या बहुतेक कर्जांतून न्यायालय तिला मुक्त करते. अर्जापासून या मुक्ती-आदेशापर्यंत साधारणतः चार महिने जातात, आणि पुनःस्वीकृतीचा करार याच प्रतीक्षाकाळात व्हावा लागतो. आदेश निघाल्यानंतर केलेल्या कराराला कायदेशीर बळ नाही.

मग सुटू घातलेले कर्ज ऋणको आपण होऊन पुन्हा अंगावर का घेतो? बहुधा मोटारीसाठी. मुक्तीने वैयक्तिक दायित्व संपते, परंतु वस्तूवरील तारण संपत नाही. हप्ते थकले तर सावकार मोटार नेऊ शकतोच. पूर्वी अनेक ठिकाणी करार न करता नुसते हप्ते भरत राहून वाहन ठेवता येई; 2005 च्या दुरुस्तीने ही वाट बरीच अरुंद केली. आता ऋणकोने वस्तू परत करावी, तिची किंमत एकरकमी भरून ती सोडवावी किंवा कर्ज पुन्हा स्वीकारावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

समजा, 6,000 डॉलर किमतीच्या मोटारीवर 11,000 डॉलरचे कर्ज आहे. ऋणकोने पुनःस्वीकृती दिली, पुढे नोकरी गेली आणि जप्त झालेली मोटार 4,500 डॉलरला विकली गेली. उरलेले 6,500 डॉलर त्याच्याच माथी. करार केला नसता तर मोटार गेली असती, पण ही बाकी त्याच्याकडे मागता आली नसती. शिवाय प्रकरण 7 खालील पहिल्या अर्जापासून आठ वर्षांच्या आत दुसरा अर्ज केल्यास तशी मुक्ती मिळत नाही.

म्हणूनच कायद्याने अटी कडक ठेवल्या आहेत. करार न्यायालयात दाखल झाला पाहिजे. वकील असल्यास, ऋणकोने समजून-उमजून संमती दिली असून त्याच्यावर अवाजवी बोजा पडत नाही, असे वकिलाने लिहून द्यावे लागते. वकील नसेल तर, घर-जमिनीच्या तारणावरील ग्राहककर्ज वगळता, न्यायाधीश स्वतः पाहणी करतात. सही झाल्यावरही मुक्ती-आदेशापर्यंत किंवा करार दाखल झाल्यापासून 60 दिवसांपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर, ऋणको माघार घेऊ शकतो.

या अटी कागदी नव्हेत, हे 'सीअर्स' प्रकरणाने दाखवले. या मोठ्या विक्रेता कंपनीने दिवाळखोर ग्राहकांकडून करार लिहून घेतले, पण ते न्यायालयात दाखल न करताच वसुली केली. 1997 मध्ये प्रकार उघडकीस आला. 1999 मध्ये कंपनीने फौजदारी गुन्हा कबूल करून 6 कोटी डॉलर दंड भरला.

फिकहमध्ये या स्थितीला 'तफलीस' म्हणतात. कोकण-गोव्याकडील शाफिई परंपरेत धनकोंच्या मागणीवरून काझी मुफलिसाच्या व्यवहारांवर निर्बंध घालू शकतो. हनफी परंपरेत इमाम अबू हनीफा यांना प्रौढ ऋणकोवरील असे निर्बंध मान्य नव्हते; त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद यांनी मात्र ते मान्य केले. विक्रेत्याला आपला माल मुफलिसाकडे जसाच्या तसा सापडला, तर शाफिई मते तो परत घेता येतो; हनफी मते विक्रेता इतर धनकोंच्याच रांगेत बसतो. मतभेद असे असले तरी एका मुद्द्यावर एकवाक्यता आहे : मालमत्ता वाटून झाल्यावर उरलेले कर्ज नाहीसे होत नाही. सूरह बकराच्या 280 व्या आयतीत अडचणीतील ऋणकोला सवड देण्यास सांगितले आहे आणि धनकोने सोडून देणे अधिक चांगले म्हटले आहे. म्हणजे माफी धनकोच्या हाती.

येथे घाईने असा निष्कर्ष काढला जातो की धार्मिक ऋणकोने पुनःस्वीकृती द्यावीच. तो चुकीचा आहे. त्याच संहितेत, मुक्तीनंतरही कोणतेही कर्ज स्वेच्छेने फेडण्यास आडकाठी नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पुनःस्वीकृतीत सावकाराला दाव्याचा हक्क परत मिळतो, आणि करार बहुधा जुन्याच अटींवर होत असल्याने व्याजाचे बंधनही नव्याने गळ्यात पडते. स्वेच्छेच्या फेडीत किती, केव्हा हे ऋणको ठरवतो. मुद्दल तेवढे फेडण्याची मोकळीकही त्याला राहते. व्याज टाळू पाहणाऱ्याला हा फरक मोठा आहे. मोटारीवाचून रोजगारच बुडत असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हाही आधी हप्ता झेपतो का, हे पाहावे.

भारतीय विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण हवे असल्यास 1872 च्या करार कायद्याचे कलम 25(3) घ्यावे. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सहीचे वचन तेथे नव्या मोबदल्याशिवायही बंधनकारक ठरते. वसुली एजंटाने पुढे केलेल्या साध्या कागदावर सही करताना लोकांच्या हे ध्यानात येत नाही. अमेरिकेतल्याप्रमाणे न्यायालयाची पाहणी किंवा 60 दिवसांची माघार या कलमात नाही.