उद्यानाचा नामफलक

आमच्या वसाहतीतील उद्यानाच्या प्रवेशद्वारी नवा नामफलक उभारण्याची तजवीज चालली असून, तत्संबंधी एक निवेदन अगत्याने करावेसे वाटते. देवनागरी अक्षरांना शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार व जोडाक्षरे यांचा विस्तार असल्यामुळे, रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या चौकटीत ती कोंडली जातात आणि ‘उद्यान’ शब्दातील ‘द्य’ दुरून निव्वळ काळा ठिपका भासतो. सबब उंची मात्रांसहित मापावी व गर्द पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे रंगवावीत; मुंबईच्या ‘एक टाइप’ने सिद्ध केलेला ‘मुक्ता’ हा सुवाच्य टंक विनामूल्य उपलब्ध आहे. देणगीदारांची नामावली मात्र आतील भिंतीवरच शोभेल. संकल्पचित्र मंजूर करण्यापूर्वी ते पूर्ण आकारात छापून, रस्त्यापलीकडून एकवार अवश्य वाचून पाहावे.