थंड इंजिनाला दोन-तीन तासांची ऊब पुरे

रात्रभर ब्लॉक हीटर जाळणाऱ्यांसाठी आणि ते बसविणाऱ्यांसाठी हिशेबाच्या काही गोष्टी

२०१० साली कॅनडातील विनिपेग शहरात एक लहानशी मशीद बांधण्यात आली आणि तयार झाल्यावर ती ट्रकवर चढवून उत्तरेकडे रवाना करण्यात आली. काही अंतर रस्त्याने आणि पुढे मॅकेन्झी नदीतून मालवाहू तराफ्यावरून, असा सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास करून ती आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस असलेल्या इनुविक या गावी पोहोचली. तेथील मुस्लिम वस्ती छोटी आहे आणि त्यातील बरेच जण टॅक्सी चालवून हलाल रोजी कमावतात. या गावात डिसेंबरमध्ये सूर्य मावळला की तो जवळजवळ महिनाभर उगवत नाही. जानेवारीत पारा उणे ३० अंशांच्या आसपास असतो. अशा ठिकाणी टॅक्सीवाल्याची सकाळ एकाच प्रश्नाने सुरू होते : आज गाडी सुरू होईल का?

गाडी सुरू झाली नाही तर त्या दिवसाची कमाई गेली. शिवाय गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि गॅरेजचे बिल वेगळेच. म्हणूनच कॅनडा, अलास्का, अमेरिकेचा उत्तर भाग, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या मुलखांत हिवाळ्यात गाडी उभी करताना एक काम हमखास केले जाते. बंपरखाली लोंबणारी विजेची वायर काढून ती खांबावरच्या प्लगमध्ये खोचली जाते. या वायरच्या दुसऱ्या टोकाला इंजिनात बसविलेला असतो ब्लॉक हीटर.

आपल्या समाजातील कितीतरी तरुण मोटार मेकॅनिक, ऑटो इलेक्ट्रिशियन आणि ड्रायव्हर परदेशात कामाला जातात. आखाताच्या उन्हात काम केलेला कारागीर कॅनडात पोहोचला की या उपकरणाशी त्याची गाठ पडतेच. तेथे ते नीट वापरणारा पैसे वाचवितो आणि न वापरणारा दोन्हीकडून नुकसान सोसतो. म्हणून या विषयाची थोडी तपशीलवार ओळख करून घेऊ या.

थंडीत इंजिन का अडते?

कारणे तीन आहेत. पहिले कारण ऑइल. थंडीत ते काकवीसारखे घट्ट होते आणि क्रँक फिरविण्यास जास्त जोर लागतो. दुसरे कारण बॅटरी. उणे १८ अंशांवर शिशाच्या बॅटरीची स्टार्टर फिरविण्याची ताकद निम्म्याच्या आसपास उरते. म्हणजे इंजिन जास्त जोर मागत असते, तेव्हाच बॅटरी कमी जोर देते. तिसरे कारण डिझेल इंजिनाला लागू आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेटते. सिलिंडरच्या भिंतीच बर्फासारख्या गार असतील, तर ही उष्णता त्या भिंतीच शोषून घेतात.

इंजिन कसेबसे सुरू झाले तरी घट्ट ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. तेवढ्या वेळात धातूवर धातू घासला जातो. गार इंजिन इंधनही जास्त पिते. म्हणजे हीटरचा फायदा केवळ 'गाडी सुरू होणे' एवढाच नाही. इंजिनाचे आयुष्य आणि इंधन यांचाही त्यात हिशेब आहे.

हीटर म्हणजे काय?

इंजिन ब्लॉकला वाटीसारखी काही बुचे बसविलेली असतात. त्यांपैकी एक काढून त्या जागी विजेचे एलिमेंट बसवितात. ते कूलंटमध्ये बुडलेले राहते. पाणी तापविण्याची कांडी आपल्या घरी असते, त्याच जातीचे हे उपकरण. कूलंट तापते, त्याने ब्लॉक तापतो आणि ऑइलही थोडे सैल होते. मोटारीसाठी साधारण ४०० ते १,००० वॅटचे हीटर असतात, तर ट्रकच्या मोठ्या डिझेल इंजिनासाठी १,५०० वॅटपर्यंतचे. याखेरीज रेडिएटरच्या होजमध्ये बसणारे, ऑइल सम्पला खालून चिकटविण्याचे आणि बॅटरीभोवती गुंडाळण्याचे हीटरही मिळतात. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातील अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन हेडच्या बोल्टच्या जागी बसणारा हीटर तयार केला आणि १९४९ साली त्याचे पेटंट मिळविले. त्या थंड मुलखात अशा हीटरची गरज किती मोठी होती, हे यावरून कळते.

खरा हिशेब : किती तास?

येथेच बहुतेकांची चूक होते. संध्याकाळी गाडी उभी केली की प्लग लावायचा आणि सकाळी काढायचा, अशी सवय पुष्कळांना असते. त्यांना वाटते, जितके जास्त तास तितके इंजिन जास्त गरम. हे खरे नाही.

तळाला भोक असलेल्या पिंपात नळ सोडून पाहा. पाणी आधी भराभर चढते. पण जसजशी पातळी वाढते तसतशी भोकातून गळतीही वाढते, आणि एका ठिकाणी येऊन पातळी थांबते. त्यानंतर नळ रात्रभर सुरू ठेवला तरी पाणी तेवढेच राहते. इंजिनाचेही असेच आहे. पहिल्या दोन-तीन तासांत ते बरेचसे तापते. त्यानंतर हीटर जेवढी उष्णता देतो तेवढीच बाहेरची हवा खेचून नेते. पुढची वीज म्हणजे अंगण तापविणेच होय. म्हणूनच कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा सल्ला असा आहे, की टायमर लावून निघण्याच्या सुमारे दोन तास आधी हीटर सुरू करावा. मोठ्या ट्रकसाठी अथवा कडाक्याच्या थंडीत आणखी तास-दोन तास लागतील, पण रात्रभर नव्हे.

आता आकडे मांडू. ६०० वॅटचा हीटर रात्री १० तास चालला, तर ६ युनिट वीज जाते. तोच अडीच तास चालला, तर दीड युनिट. रोजची बचत साडेचार युनिट. १२० दिवसांच्या हिवाळ्यात एका गाडीमागे ५४० युनिट. युनिटचा दर १५ सेंट धरला तर ८१ डॉलर होतात. टायमरची किंमत एका हिवाळ्यातच वसूल होऊ शकते. ज्याच्याकडे दहा टॅक्सी आहेत, त्याचे ८१० डॉलर वाचतील.

दुसऱ्या टोकाची चूकही महाग पडते. काही ट्रकवाले वीज वाचविण्यासाठी म्हणा किंवा प्लग जवळ नाही म्हणून म्हणा, रात्रभर इंजिन चालूच ठेवतात. मोठा ट्रक उभ्या-उभ्या ताशी सुमारे ३ लिटर डिझेल पितो. आठ तासांत २४ लिटर गेले. याउलट १,५०० वॅटचा हीटर तीन तास चालविला तर साडेचार युनिट वीज लागते. कोणता सौदा फायद्याचा, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये.

पारा किती उतरला म्हणजे हीटर लावावा? आजची पेट्रोल गाडी, चांगली बॅटरी आणि हलके सिंथेटिक ऑइल असेल, तर उणे १५ अंशांपर्यंत सहसा विनातक्रार सुरू होते. त्याखाली हीटर लावणे शहाणपणाचे. जुनी बॅटरी किंवा डिझेल इंजिन असेल, तर त्याआधीच लावावा.

बसविताना आणि वापरताना

१. कूलंटची पातळी पूर्ण हवी. एलिमेंट उघडे पडले की जळते. हीटर बसविल्यावर कूलंटमधील हवा नीट काढून टाकावी आणि ती काढल्याखेरीज प्लग लावून पाहू नये.

२. कूलंटचे मिश्रण योग्य हवे. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल, तर ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसते पाणी भरलेल्या इंजिनाला हीटरचा भरवसा देऊ नये. एका रात्री वीज गेली तर ब्लॉक फुटेल.

३. वायर जाड आणि बाहेरच्या वापराची हवी. १,५०० वॅटचा हीटर तेथील १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर करंट घेतो. घरातली पातळ एक्स्टेंशन वायर एवढ्या करंटने तापते आणि आग लागू शकते. त्यांच्या मापात १४ गेज किंवा त्याहून जाड, म्हणजे आपल्याकडील अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या जवळपासची, तीन पिनांची वायर घ्यावी. अर्थिंग तोडून दोन पिनांवर काम भागवू नये.

४. वायरला चीर पडली आहे का, ती एक्झॉस्टला टेकते का, प्लगच्या पिना काळ्या पडल्या आहेत का, हे हिवाळ्याआधी तपासावे. गाडी हलविण्याआधी प्लग काढणे विसरू नये. हा विसर दरवर्षी अनेकांना नवी वायर घ्यायला लावतो.

५. गाडी वाऱ्याच्या आडोशाला लावावी. वर दिलेल्या पिंपाच्या उदाहरणातील भोक लहान करण्याचाच हा प्रकार आहे.

६. एका आवारात दहा ट्रक असतील तर सगळे हीटर एकाच वेळी सुरू करू नयेत. १,५०० वॅटचे दहा म्हणजे १५ किलोवॅटचा भार. ट्रक ज्या क्रमाने निघणार त्याच क्रमाने टायमर लावले, तर वायरिंगवर ताण येत नाही.

७. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ते गरम करू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास असतो ना रंग. माणूस बसल्या जागी मरतो. हीटरचा हाही एक फायदा आहे, की त्याला धूर नाही.

लडाख आणि आपल्याकडची गोष्ट

आपल्या देशात ही अडचण नाही असे नाही. द्रास, कारगिल, लेह या भागांत हिवाळ्यात पारा शून्याच्या फार खाली जातो. तेथे ट्रकवाले सकाळी सम्पखाली किंवा टाकीखाली स्टोव्ह अथवा शेकोटी पेटवितात. गळके ऑइल आणि डिझेल यांच्या खाली उघडी ज्योत धरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तेथील दुसरी अडचण अशी, की साधे डिझेल थंडीत मेणासारखे साकळते आणि फिल्टर बंद होतो. ब्लॉक हीटर इंजिन तापवितो, टाकी नव्हे. त्यामुळे साकळलेल्या डिझेलवर तो इलाज नाही. त्याचा इलाज इंधनातच आहे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले ते याच कारणासाठी.

परदेशातून येताना कोणी असा हीटर सोबत आणून येथे लावू पाहील, त्याला एक इशारा. १२० व्होल्टचा ४०० वॅटचा हीटर आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर तो ४०० नव्हे, सुमारे १,४७० वॅट खेचू लागेल आणि जळून जाईल. व्होल्टेज दुपटीच्या जवळ गेले की भार साडेतीन पटींहून जास्त वाढतो. पाटीवरचे व्होल्टेज वाचल्याशिवाय कोणतेही एलिमेंट जोडू नये.

महाराष्ट्रात मोटारीला अशा हीटरची गरज नाही. निफाडच्या थंडीतही चांगली बॅटरी आणि ठीक असलेला ग्लो प्लग पुरतो. परंतु रुग्णालये, मोठ्या इमारती, संगणक केंद्रे येथे वीज जाताच काही सेकंदांत भार उचलणारे डिझेल जनरेटर असतात. त्यांच्यापैकी अनेकांना जॅकेट वॉटर हीटर बसविलेला असतो. तत्त्व तेच, फक्त फरक असा की हा जनरेटर कधी सुरू करावा लागेल ते माहीत नसते. म्हणून येथे टायमर नव्हे तर थर्मोस्टॅट लागतो, जो ठरलेल्या अंशावर हीटर बंद-चालू करतो. थर्मोस्टॅट बिघडला की हीटर दिवसरात्र चालतो, होज कडक होऊन चिरतात आणि मालकाला बिल वाढल्याचे कारण कळत नाही. जनरेटर दुरुस्ती करणाऱ्या आपल्या कारागिरांनी सर्व्हिसिंगच्या वेळी ही एक तपासणी जोडून घेतली, तर गिऱ्हाईकाचा पैसा वाचेल आणि त्यांच्यावरचा विश्वासही वाढेल.

कारागिराची खरी कमाई

पुष्कळदा गिऱ्हाईक जास्त वॅटचा हीटर मागते. जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला, अशी समजूत असते. ज्या इंजिनाला जेवढा सांगितला आहे तेवढाच बसवावा. मोठा हीटर कूलंट जागीच उकळवितो. जास्त किमतीचा माल विकण्याची संधी सोडून योग्य माल देणारा कारागीर त्या दिवशी थोडे कमी कमावतो, पण पुढच्या हिवाळ्यात तेच गिऱ्हाईक आणखी दोघांना घेऊन येते. टायमर लावून देणे आणि तो कसा वापरायचा ते पाच मिनिटे समजावणे, हाही कामाचाच भाग आहे.

इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. ती फक्त लग्नाच्या मांडवात आणि जेवणाच्या पंगतीतच होते असे नाही. रात्री दहा तास जळणारा हीटर आणि पहाटेपर्यंत गुरगुरणारे इंजिन हाही इसराफच आहे. फक्त तो अंधारात होतो, म्हणून दिसत नाही. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना आपण तेथील थंडीसाठी लोकरी कपडे बांधून देतो. त्यासोबत दोन-तीन तासांच्या टायमरचे हे गणितही बांधून द्यावे. कपडे शरीर सांभाळतील आणि हे गणित रोजी सांभाळील, इन्शाअल्लाह.