आफ्रिकेची सफर : आधी अरण्य, मग समुद्र

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही आणि मोठे अरण्यही नाही. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ज्वारी, कापूस आणि सोयाबीन पिकविण्यात गुंतलेली. जिंतुराकडे काही टेकड्या उठतात, परंतु दाट वन म्हणावे असे फारच थोडे. अशा मुलखातील एखाद्या कुटुंबाने वर्षानुवर्षे पैसा साठवून एकदाच दूरदेशीचा प्रवास करावयाचे ठरविले, तर त्या प्रवासात सिंह-हत्तींचे अरण्यही पाहावे आणि माडांच्या सावलीत समुद्रही पाहावा, ही इच्छा साहजिकच होय. पूर्व आफ्रिकेतील केनिया आणि टांझानिया हे देश ही दुहेरी इच्छा पुरी करितात. मात्र हा प्रवास फसतो तो बहुधा पैशाच्या कमतरतेने नव्हे, तर महिन्याच्या चुकीच्या निवडीने. तेव्हा ठिकाण निवडण्यापूर्वी तेथील ऋतू समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘सफारी’ हा शब्दच पाहावा. तो स्वाहिली भाषेतील असून त्याचा अर्थ केवळ प्रवास असा आहे. अरबीतील ज्या ‘सफर’ शब्दापासून तो निघाला, तोच शब्द मराठीतही शतकानुशतके नांदत आहे. स्वाहिली हे नावही किनारा या अर्थाच्या अरबी शब्दावरून पडले. म्हणजे अरण्यातील प्रवासाला जगाने जे नाव दिले, ते मुळी किनाऱ्यावरच्या लोकांचे आहे. हस्तिदंतासाठी, आणि दुर्दैवाने गुलामांसाठीही, व्यापाऱ्यांचे तांडे याच किनाऱ्यावरून देशाच्या अंतर्भागात जात व पुन्हा किनाऱ्याकडे परतत. अरण्य आणि समुद्र यांची तेथील जोड आजच्या प्रवासी कंपन्यांनी बसविलेली नाही. ती फार जुनी आहे.

या किनाऱ्याचे सारे जीवन दोन वाऱ्यांवर चालत आले. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येकडून वाहणारा वारा तो ‘कास्काझी’, आणि एप्रिलपासून पुढे आग्नेयेकडून वाहणारा तो ‘कुसी’. कास्काझीच्या बळावर कच्छ-काठेवाडची व अरबस्तानची गलबते झांजिबार-मोंबासा गाठीत आणि कुसी सुरू झाला म्हणजे माघारी फिरत. हाच कुसी विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ प्रचंड वेग धारण करितो व अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन नैर्ऋत्य मोसमी वारा या नावाने हिंदुस्थानात शिरतो. मृगाच्या पावसाची वाट पाहणारा परभणीचा शेतकरी ज्या वाऱ्याकडे डोळे लावून बसतो, तोच वारा त्या सुमारास मोंबासाच्या समुद्रावर लाटा उठवीत असतो. येथील ज्वारीचे मूळही ईशान्य आफ्रिकेतच आहे. ‘परभणी मोती’ या वाणाचे दूरचे पूर्वज तिकडचे. परभणीच्या प्रवाशाला हा मुलूख म्हणूनच सर्वस्वी परका नाही.

आता तेथील पावसाचा विचार करू. विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे तेथे वर्षातून दोनदा पाऊस पडतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत लहान पाऊस. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे दिवस. कोरड्या दिवसांत गवत आखूड होते, डबकी आटतात व प्राणी उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. त्यामुळे ते सहज दिसतात. मोठ्या पावसात गवत माणसाच्या कमरेपर्यंत वाढते, प्राणी पांगतात, मोटारी चिखलात रुततात, आणि अरण्यातील व किनाऱ्यावरील पुष्कळ निवासस्थाने बंद ठेविली जातात.

खरी अडचण येथेच आहे. महाराष्ट्रातील शाळांची मोठी सुटी मे महिन्यात येते, आणि मे हा तेथील मोठ्या पावसाचा महिना. दिवाळीची सुटी लहान पावसाच्या तोंडाशी सापडते. नाताळात पाऊस ओसरू लागलेला असतो. पण जगभरचे प्रवासी त्याच आठवड्यात तेथे लोटतात व दर गगनाला भिडतात. जानेवारी-फेब्रुवारीत अरण्य कोरडे व समुद्र शांत, असा दुर्मीळ योग असतो. परंतु तेव्हा मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि शेतीशी संबंध असलेल्या घरांत रब्बीच्या कापणीची तयारी चालू असते. मे महिन्यातील स्वस्त दर पाहून जे कुटुंब घाईने पैसे भरते, ते वस्तुतः पावसाची तिकिटे विकत घेते.

यावर मधला एक मार्ग आहे, तो जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा. तोपर्यंत मोठा पाऊस बहुधा आटोपलेला असतो, आणि राज्यातील बहुतेक शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. मसाई मारा येथील प्रवेश-शुल्कही तेव्हा कमी असते. 2024 पासून परदेशी प्रौढ प्रवाशास तेथे जानेवारी ते जून या काळात दिवसाला 100 डॉलर व जुलै ते डिसेंबर या काळात 200 डॉलर असा दर लागू झाला. पती-पत्नींनी दोन दिवस अरण्यात घालविले, तर एवढ्या एका बाबीत 400 डॉलरांचा फरक पडतो. उणीवही सांगितली पाहिजे : विल्डबीस्ट या कुरंगवर्गीय प्राण्यांचे लक्षावधींचे कळप सेरेंगेटीतून माऱ्यात येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात, जूनच्या आरंभी तो देखावा माऱ्यात सहसा दिसत नाही. शिवाय पेरणीच्या तोंडावर शेतकरी कुटुंबास गाव सोडता येत नाही. नोकरीपेशाच्या घरांना मात्र हा पंधरवडा सोयीचा आहे.

महिना ठरला, की क्रमाचा प्रश्न येतो. आधी अरण्य व मग समुद्र, हाच क्रम योग्य होय. अरण्यात पहाटे उठावे लागते, धुळीच्या रस्त्यांवर मोटारीचे हिसके सोसावे लागतात, आणि नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंच असल्यामुळे जून-जुलैच्या रात्री लोकरीचे कपडे लागतात. हा शीण उतरविण्यास शेवटचे तीन-चार दिवस किनाऱ्यावर घालविणे हितकर ठरते. उलट क्रमाने गेल्यास विश्रांती आधी मिळते व थकवा घरी आणावा लागतो.

मार्ग दोन आहेत. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने रात्रीत मुंबई गाठावी. मुंबईहून नैरोबी विमानाने सुमारे सहा तासांवर आहे. नैरोबीहून मसाई मारा पाहून परत यावे व विमानाने मोंबासाकडे जावे, हा पहिला मार्ग. लहान विमानाने अरण्यात जावयाचे असल्यास माणशी सामान बहुधा 15 किलोपुरतेच व मऊ पिशवीत नेता येते, हे आधीच ध्यानात ठेवावे. दुसरा मार्ग आगगाडीचा व अधिक काटकसरीचा. 1896 ते 1901 या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग घातला, तो मुख्यतः हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे 32,000 करारबद्ध मजुरांच्या श्रमांवर. त्यांतील सुमारे 2,500 जण तेथेच मरण पावले. 1898 मध्ये त्साव्हो येथे दोन सिंहांनी याच मजुरांना अनेक महिने भयभीत करून सोडिले होते. 2017 मध्ये त्या जुन्या मार्गालगत नवा रुंद मार्ग सुरू झाला, आणि नैरोबी-मोंबासा अंतर आता पाच-सहा तासांत कापले जाते. वाटेत म्तितो अंदेई किंवा व्होई येथे उतरून त्साव्होचे अरण्य पाहावे व पुढे मोंबासास जावे. 1948 मध्ये स्थापन झालेल्या त्साव्होच्या पूर्व व पश्चिम या दोन राष्ट्रीय उद्यानांचा विस्तार सुमारे 22,000 चौरस किलोमीटर, म्हणजे परभणी जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक आहे. तेथील लाल माती अंगावर उडवून घेणारे हत्ती तांबडे दिसतात; काळ्या मातीच्या देशातील माणसाला हे दृश्य विशेष वाटेल.

किनाऱ्यावरही थोडे ज्ञान उपयोगी पडते. मोंबासाच्या दक्षिणेकडील डियानी येथे किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तेथेच फुटतात व आतील पाणी त्यामानाने शांत राहते. परंतु ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि पोहण्याजोगी खोली उरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतील फरक सर्वांत अधिक, अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी. म्हणून घरचे पंचांग येथेही कामास येते. कुसी वाहत असताना किनाऱ्यावर समुद्रशेवाळ येऊन साचते व पाणी गढूळ असते. प्रवाळातील मासे पाहावयाचेच असतील, तर जानेवारी-फेब्रुवारीला पर्याय नाही.

प्रकृतीच्या व कागदपत्रांच्या बाबतीत हयगय करू नये. केनियाहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला असावा लागतो. नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेविले जाऊ शकते. ही लस ठराविक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते व ती निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते. दाखला एकदा मिळाला, की जन्मभर चालतो. किनारा व त्साव्हो हे हिवतापाचे प्रदेश असल्यामुळे त्याच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांस विचारावे, आणि परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या सोडू नयेत. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा रद्द करून निघण्यापूर्वी इंटरनेटवरून प्रवास-अनुमती घेण्याची पद्धत आणिली. तसेच ऑगस्ट 2017 पासून तेथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. दशम्या, चिवडा व लाडू डब्यांतून किंवा कापडी पिशव्यांतून न्यावेत.

ज्यांना मे महिन्याखेरीज सवड नाही, त्यांनी आफ्रिकेचा हट्ट न धरता स्वतःच्या राज्याकडे पाहावे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे 1955 पासून राष्ट्रीय उद्यान व 1995 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. मे महिन्यात तेथे ऊन असह्य असले, तरी पाणवठे आटल्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता तेव्हाच अधिक. कोकणचा समुद्र मेअखेरीस खवळू लागण्यापूर्वी पाहून घ्यावा. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी हव्या असल्यास रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्य आहे. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी नवाबांनी, जंजिऱ्याच्या अधिपतींनी, शिकारीसाठी राखलेले हे जंगल 1986 मध्ये अभयारण्य झाले. शेकरू, सांबर व बिबट्या यांचे ते घर असून काशीदचा किनारा तेथून जवळच आहे. येथे सिंहही नाहीत व हत्तीही नाहीत. पण खर्च अल्प आणि ऋतू अनुकूल.

सारांश, जानेवारी-फेब्रुवारीत रजा मिळत असेल, तर अरण्य आणि समुद्र दोन्ही उत्तम लाभतील. जुलै ते ऑक्टोबरात अरण्य श्रेष्ठ व समुद्र मध्यम. जूनच्या आरंभी दोन्ही बेताचे, पण खर्च कमी. एप्रिल-मे मात्र वर्ज्य. घरातील मंडळींनी प्रथम दिनदर्शिका पुढे घेऊन रजा, परीक्षा व पेरणी यांचा मेळ घालावा, आणि मगच प्रवासी कंपनीच्या दाराची कडी वाजवावी.