कलम 122 आणि 'पाठलाग'

नागपूरच्या धंतोलीत एके काळी वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या बंगल्यांना तोटा नव्हता. आता इस्पितळांच्या पाट्यांच्या दाटीत जी थोडी जुनी घरे तग धरून आहेत, त्यांपैकी एकाच्या दिवाणखान्यात, फौजदारी वकिलीतून निवृत्त झालेल्या काकाजींच्या शेजारी बसून मी राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (1964) पुन्हा पाहिला. पाहिला म्हणण्यापेक्षा तपासला म्हणणे सयुक्तिक. कारण मिसल चाळावी तसे काकाजी दर पाच मिनिटांनी चित्र थांबवायला लावीत.

कथा जयंत देवकरांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरची. वकिलाची पत्नी निवर्तते आणि पुढे आरोपी म्हणून हजर झालेली, हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची एक स्त्री भर कोर्टात आपणच ती पत्नी असल्याचे सांगते. काशिनाथ घाणेकरांचा वकील उलटतपासणी घेतो. प्रश्न जसजसे खासगी होत जातात, तसतशी त्या स्त्रीच्या भूमिकेतल्या भावनाची उत्तरे त्याला अधिकच अडचणीत आणतात.

"इथे थांबवा," काकाजी म्हणाले. "पुराव्याच्या 1872 च्या, 2024 पर्यंत चाललेल्या कायद्याचं कलम 122. नवराबायकोतलं बोलणं उघड करण्याची सक्ती नव्हती. ही बायको असेल तर प्रश्नच गैर, अन् नसेल तर उत्तर अशक्य!"

कायद्याच्या काटेकोरपणाची चित्रपटाला पर्वा नसेल. पण परांजप्यांनी भयाचे अधिष्ठान कोठे ठेवले, हे मला त्या शेऱ्याने उमगले. सुरा, अंधार, पाऊलवाट ही रहस्यपटांतली नेहमीची सामग्री येथे दुय्यम आहे. एका सभ्य गृहस्थाचा संसार त्याच्याच जिभेने चव्हाट्यावर येतो, आणि खोटे पाडण्यासाठी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्यावरच उलटतो. हिचकॉकने 'व्हर्टिगो'त (1958) दुहेरी स्त्रीचे गुपित प्रेक्षकांना नायकाच्या आधी सांगून टाकले. परांजपे ते शेवटपर्यंत राखतात, म्हणून आपण पतीइतकेच आंधळे राहतो. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर यांतून मृत स्त्री घरात वावरत राहते, ती तर पुराव्यात दाखल न झालेली साक्षच. याच कथेवरच्या राज खोसलांच्या हिंदी 'मेरा साया'ला (1966) रंग आणि उदयपूर लाभले. मला मात्र हा कृष्णधवल रुक्षपणाच अधिक मानवतो.

"आपल्यावर अशी पाळी आली असती, तर मी तुला काय विचारलं असतं?" काकाजींनी तूर निवडणाऱ्या काकूंना पुसले.

"काहीही विचारा," त्या मान वर न करता म्हणाल्या, "खरं उत्तर कोणतं, ते तुम्हालाच ठाऊक नसतं."

काकाजींनी चित्र पुढे चालू करण्याची खूण केली.