शब्दांचा लिलाव : इंटरनेट व्यवसायाच्या उत्पन्नाची घडण (१९९८ ते २००४)

१. प्रास्ताविक

दैनिक वृत्तपत्राचा एक अंक तयार करण्यास जो खर्च येतो, त्याचा थोडाच भाग वाचकाने दिलेल्या किमतीतून वसूल होतो. उरलेला भार प्रामुख्याने जाहिरातदार उचलतो. छापील माध्यमाचे हे अर्थकारण तुम्हाला परिचित आहे. इंटरनेटवर मात्र वाचक बहुतेक वेळा एक पैसाही देत नाही. मग शोधयंत्रे, बातम्यांची संकेतस्थळे आणि हौशी लेखकांची पाने यांचा खर्च कोण भागवतो? या प्रश्नाचे जे उत्तर १९९८ ते २००४ या काळात अमेरिकेत आकाराला आले, ते पुढे जगभर रूढ झाले. त्या उत्तराच्या केंद्रस्थानी ‘शब्द’ आहे. भाषेच्या अभ्यासकाने ते समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• फलक-जाहिरात आणि शब्दाधारित जाहिरात यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• शब्दांच्या लिलावाची पद्धत उदाहरणाने सांगता येईल;
• या पद्धतीचा लेखनावर आणि मराठीसारख्या भाषेवर झालेला परिणाम विशद करता येईल.

२. फलक-जाहिरात आणि तिची मर्यादा

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर आडव्या पट्टीच्या आकाराच्या जाहिराती झळकल्या. त्यांपैकी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची जाहिरात विशेष स्मरणात राहिली. या फलक-जाहिरातींची आकारणी सामान्यतः दर हजार दर्शनांमागे होत असे. वृत्तपत्रातील जागेची विक्री आणि ही विक्री यांत तत्त्वतः फारसा भेद नव्हता. पान उघडणाऱ्या माणसाला नेमके काय हवे आहे, हे जाहिरातदाराला कळत नसे.

पुढे या व्यवसायावर मोठे संकट आले. अमेरिकेतील नॅसडॅक हा शेअर निर्देशांक मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेला होता. ऑक्टोबर २००२ पर्यंत तो सुमारे १,१०० वर घसरला. अनेक इंटरनेट कंपन्या बंद पडल्या. यांपैकी बऱ्याच कंपन्या परस्परांच्याच संकेतस्थळांवर जाहिराती देत असल्याने जाहिरातींचे उत्पन्नही आटले. याच पडझडीच्या काळात उत्पन्नाचा एक वेगळा मार्ग मूळ धरत होता.

३. बोलीची कल्पना

१९९८ मध्ये बिल ग्रॉस या कॅलिफोर्नियातील उद्योजकाने ‘गो टू डॉट कॉम’ हे शोधयंत्र सुरू केले. त्यामागील विचार साधा होता. शोधयंत्रात एखादा शब्द लिहिणारा माणूस आपली गरज स्वतःच्याच शब्दांत सांगत असतो. तेव्हा त्या शब्दावर जाहिरातदारांनी बोली लावावी. ज्याची बोली अधिक, त्याचा दुवा वर दिसावा. आणि वाचकाने त्या दुव्यावर क्लिक केले तरच पैसे द्यावे लागावेत. बोलीची सुरुवात एका सेंटपासून होई आणि प्रत्येक दुव्याशेजारी बोलीची रक्कम उघडपणे दाखवली जाई.

वृत्तपत्रातील छोट्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. तेथे जाहिरातदार स्वतःच्या शब्दांचे पैसे मोजतो. येथे तो वाचकाच्या शब्दांचे पैसे मोजू लागला. हा या विषयातील मूलभूत बदल होय.

या कंपनीचे नाव २००१ मध्ये ‘ओव्हरचर’ झाले आणि २००३ मध्ये याहू कंपनीने ती विकत घेण्याचा करार केला. दरम्यान, पैसे देऊन मिळवलेली जागा आणि शोधाचा खरा निकाल यांतील सीमारेषा पुसट होऊ लागली होती. म्हणून जून २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शोधयंत्र कंपन्यांना पत्र लिहून, पैसे घेऊन दाखवलेले दुवे तसे असल्याचे स्पष्ट दर्शवावे, अशी सूचना केली.

४. गूगलने केलेला बदल

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘ॲडवर्ड्‌स’ ही योजना सुरू केली. आरंभी तिच्यात ३५० जाहिरातदार होते आणि आकारणी दर हजार दर्शनांमागेच होती. फेब्रुवारी २००२ मध्ये कंपनीने क्लिकनुसार आकारणी आणि लिलाव स्वीकारला. मात्र त्यात दोन महत्त्वाचे फेरफार केले. पहिला, जाहिरातीचे स्थान ठरवताना बोलीबरोबरच वाचक त्या जाहिरातीवर किती वेळा क्लिक करतात, हेही विचारात घेतले. दुसरा, विजेत्याने स्वतःची पूर्ण बोली न देता, आपले स्थान टिकवण्यास लागेल एवढीच रक्कम द्यावी, असे ठरले. बाजार समितीतील लिलावात सर्वांत चढी बोली जिंकते आणि तोच भाव द्यावा लागतो. येथे तसे नव्हते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘गृहकर्ज’ या शब्दासाठी ‘अ’ने २० रुपयांची बोली लावली, पण त्याच्या जाहिरातीवर १०० पैकी एकच वाचक क्लिक करतो. ‘ब’ची बोली १२ रुपये आहे आणि त्याच्या जाहिरातीवर १०० पैकी तीन वाचक क्लिक करतात. शंभर दर्शनांमागे ‘अ’चे मूल्य २० रुपये, तर ‘ब’चे ३६ रुपये. म्हणून बोली कमी असूनही ‘ब’ वर येतो. ‘अ’च्या २० रुपयांच्या पुढे राहण्यासाठी त्याला तीन क्लिकांमागे २० रुपयांहून किंचित अधिक, म्हणजे प्रत्येक क्लिकमागे सुमारे ६ रुपये ७० पैसे पुरतात. वाचकाला उपयुक्त वाटणारी जाहिरात अशा रीतीने स्वस्त पडते.

या कल्पनेवरून ओव्हरचरने २००२ मध्ये गूगलविरुद्ध पेटंटभंगाचा दावा लावला. ऑगस्ट २००४ मध्ये गूगलने याहूला २७ लाख शेअर देऊन तो मिटवला. त्याच महिन्यात, १९ ऑगस्टला, गूगलचा शेअर ८५ डॉलरच्या विक्रीकिमतीवर बाजारात आला. त्यानिमित्ताने प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांतून २००३ सालचे उत्पन्न सुमारे १४७ कोटी डॉलर असल्याचे उघड झाले. ते जवळपास सर्व जाहिरातींतून आले होते.

५. शोधपानाकडून लेखाच्या पानाकडे

फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने पायरा लॅब्ज ही कंपनी घेतली. कोणालाही स्वतःचे लेखन सहज प्रसिद्ध करता येईल अशी ‘ब्लॉगर’ ही सुविधा या कंपनीची होती. दोनच महिन्यांनी गूगलने ‘ॲप्लाइड सिमँटिक्स’ ही दुसरी कंपनी घेतली. तिच्या नावातच अर्थविज्ञान ही भाषाविज्ञानाची शाखा आहे, हे तुमच्या लक्षात येईल. पानावरील मजकूर वाचून त्याचा विषय ओळखण्याचे तंत्र तिच्याकडे होते. ‘पान’ हा शब्द पुस्तकाचे, झाडाचे की विड्याचे, हे आपण संदर्भाने ओळखतो. तेच काम यंत्राकडून करून घ्यायचे होते.

त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘ॲडसेन्स’ योजनेमुळे कोणताही संकेतस्थळचालक आपल्या पानावर विषयानुरूप जाहिराती लावू शकला. क्लिकमागे मिळणाऱ्या रकमेतील त्याचा वाटा मात्र दीर्घकाळ गुप्त होता. मे २०१० मध्ये गूगलने तो ६८ टक्के असल्याचे जाहीर केले.

६. लेखनावर झालेला परिणाम

या व्यवस्थेचा लाभ नाकारता येत नाही. जाहिरात विभाग नसलेल्या एकट्या लेखकालाही उत्पन्न मिळू लागले. जाहिरातदार कोण, हे लेखक स्वतः ठरवत नसल्याने ‘ही बातमी छापल्यास जाहिरात बंद करू’ हा जुना दबावही सैल झाला.

परंतु एक नवा दबाव निर्माण झाला. त्या काळी अमेरिकेतील सर्वांत महागड्या शब्दांत ‘मेसोथेलिओमा’ची गणना होई. ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगाचे हे नाव आहे. रुग्णांना नुकसानभरपाई मिळवून देणारे वकील या शब्दावर चढी बोली लावत. परिणामी, केवळ त्या जाहिरातींसाठी या आजाराविषयीची पाने तयार करणारे लोक पुढे आले. मजकुराची गरज वाचकाला किती, याऐवजी त्यातील शब्दाला भाव किती, हा निकष लेखनाच्या निवडीत शिरला. कवितासंग्रहाच्या समीक्षेतील शब्दांवर कोण बोली लावणार? येथे कोणी कोणाला धमकावत नाही. न विकला जाणारा विषय आपोआप मागे पडतो. म्हणून हा दबाव ओळखणे अवघड असते.

७. मराठीचा प्रश्न

मराठी लेखन इंटरनेटवर उशिरा आले, असे नाही. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तथापि ॲडसेन्सच्या मान्य भाषांच्या यादीत भारतीय भाषांना दीर्घकाळ स्थान नव्हते. हिंदीला ते डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे योजना सुरू झाल्यानंतर अकरा वर्षांनी मिळाले. मराठीला त्याहूनही नंतर.

तांत्रिक बाजूने पाहता, ‘घर’, ‘घरी’, ‘घराचा’, ‘घरांमध्ये’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्राला शिकवावे लागते. व्यावसायिक बाजू याहून महत्त्वाची आहे. लिलाव होण्यासाठी किमान दोन बोलीदार लागतात. मराठी शब्दावर बोली लावणारे थोडे असतील, तर वाचक भरपूर असूनही उत्पन्न तुटपुंजे राहते. भाषेची लोकसंख्या आणि भाषेचा बाजारभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

८. सारांश

फलक-जाहिरातीत जागा विकली जात होती. १९९८ नंतर वाचकाचे शब्द लिलावात आले. २००२ मधील फेरफारांनी ही पद्धत स्थिरावली आणि २००३ मध्ये ती लेखाच्या पानापर्यंत पोहोचली. तिने छोट्या लेखकाला उत्पन्न दिले, तसेच विषयांची निवडही प्रभावित केली. इंटरनेटवरील मजकूर वाचताना ‘हे कोणी लिहिले?’ या प्रश्नासोबत ‘यातील कोणत्या शब्दाचे पैसे कोण मोजतो?’ हाही प्रश्न तुम्ही विचारला पाहिजे.

आपली प्रगती तपासा

१. छोटी जाहिरात आणि शब्दावरील बोली यांतील भेद चार-पाच वाक्यांत लिहा.
२. ‘क’ची बोली १५ रुपये असून त्याच्या जाहिरातीवर १०० पैकी दोन वाचक क्लिक करतात. विभाग ४ मधील उदाहरणात त्याचे स्थान कोणते असेल? त्यामुळे ‘ब’ला प्रत्येक क्लिकमागे किती द्यावे लागेल?
३. ‘जाहिरातदाराचा दबाव संपला नाही, त्याचे रूप बदलले.’ या विधानाची चर्चा करा.
४. उपक्रम : शेती, आरोग्य आणि कविता या विषयांवरील प्रत्येकी एक मराठी पान उघडा. त्यांवरील जाहिरातींची नोंद करा आणि आढळलेल्या फरकाची कारणे सांगा.