लेझर पॉइंटर बांधताना
विठ्ठलवाडीहून लोकलने निघून दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलं, की लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात लेझर डायोड, भिंगं, सर्किटं मिळतात. डायोडला विद्युतप्रवाह नेमकाच लागतो. जास्त झाला की तो क्षणात जळतो. लाल किरण (६५० नॅनोमीटर) थेट डायोडमधून येतो. हिरवा बहुधा घडवावा लागतो: ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४चा अदृश्य किरण निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो, ५३२. स्वस्त पॉइंटरमध्ये अवरक्त किरण अडवणारी काच अनेकदा नसते, आणि न दिसणारा हा किरण डोळ्याचा पडदा जाळू शकतो. म्हणून पॉइंटरमधल्या सगळ्या तरंगलांबी अडवणारा संरक्षक चष्मा आधी घ्यावा, डायोड नंतर. किरण माणसावर, वाहनावर किंवा विमानावर कधीही रोखू नये.