सामाईक खर्चाचा नकाशा

१९६५ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील कोलोराडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या दक्षिणेस, प्लम क्रीक नामक ओढ्याच्या पाणलोटात मुसळधार पाऊस कोसळला; ते पाणी साउथ प्लॅट नदीच्या पात्रातून परगण्यांच्या हद्दी ओलांडीत डेन्व्हरमध्ये शिरले, तेव्हा पाऊस एकाच्या अमलातील मुलखात पडतो आणि वस्त्या दुसऱ्याच्या अमलात बुडतात, हे सत्य सर्वांच्याच प्रत्ययास आले. पुढे १९६९ साली तेथील नगरे व परगणे यांच्यासाठी पूरनियंत्रणाचा स्वतंत्र संयुक्त जिल्हा निर्माण झाला. पाण्याचा बंदोबस्त सामाईक करावयाचा, तर त्या भूमीचे ज्ञानही सामाईक असले पाहिजे, हा विचार त्यातून स्वाभाविकपणेच निघतो.

हवाई छायाचित्रणाच्या बाबतीत हा विचार त्याच प्रदेशात २००२ सालापासून आचरणात आहे. १९५५ साली स्थापन झालेली, स्थानिक संस्थांची स्वेच्छेने बनलेली डेन्व्हर प्रादेशिक परिषद दर दोन वर्षांनी संपूर्ण प्रदेशाची छायाचित्रे घेवविते, आणि त्याचा खर्च नगरपालिका, परगणे, पाणीपुरवठ्याच्या संस्था व इतर सहभागी मिळून सोसतात.

या एकत्र येण्यामागे शेजारधर्म आहे, तसेच रोकडे गणितही आहे. विमान, कॅमेरा व वैमानिक यांना बोलावून निरभ्र आकाशाची वाट पाहत बसविण्याचा खर्च मुलूख लहान असला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. बर्फ वितळल्यानंतर आणि झाडांना पालवी फुटण्यापूर्वी, सूर्य पुरेसा वर असताना छायाचित्रे घ्यावी लागत असल्याने योग्य दिवस मोजकेच मिळतात. शिवाय विमान समांतर पट्ट्यांनी उडते, लगतची छायाचित्रे एकमेकांवर चढलेली असावी लागतात, आणि प्रत्येक पट्ट्याच्या अखेरीस वळण घेण्यासाठी त्याला हद्दीबाहेर जावेच लागते. म्हणजे प्रत्येक नगराने स्वतंत्र उड्डाण करविले, तर शेजाऱ्याच्या शिवेवरील तीच भूमी पुनःपुन्हा टिपली जाऊन तिचे पैसे पुनःपुन्हा मोजावे लागतात.

छायाचित्र हाती आले म्हणजे नकाशा झाला, असेही नाही. डोंगरमाथा कॅमेऱ्यास अधिक निकट असल्याने साध्या छायाचित्रात तो आपल्या जागेवरून सरकलेला दिसतो. ही विकृती जमिनीवर मोजलेले नियंत्रण बिंदू आणि भूपृष्ठाच्या उंचीची माहिती यांच्या साहाय्याने दूर केल्यावरच त्यावरील अंतरे मोजण्यास विश्वसनीय ठरतात. हे शोधन आणि त्याची तपासणी एकाच कसोटीने, एकाच कराराखाली झाली, म्हणजे शिवेच्या दोन्ही अंगांचा रस्ता जुळतो आणि नाला मध्येच तुटत नाही.

वाटणीचा प्रश्न मात्र नाजूक असतो. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवावी तसा प्रत्येकाचा हिस्सा निविदा काढण्यापूर्वीच ठरलेला बरा. आणि क्षेत्रफळ किती व सूक्ष्मता कोणती, हेच त्याचे न्याय्य आधार होत. दाट वस्तीच्या शहरास चित्रातील एकेक कण जमिनीवरील ३ किंवा ६ इंचांचा लागतो, तर विरळ वस्तीच्या डोंगरी परगण्यास एक फुटाचा पुरतो. चित्रांचा स्वामित्वहक्क कोणाचा आणि ती नागरिकांस केव्हा खुली व्हावयाची, हेही करारातच नमूद असावे. अन्यथा सार्वजनिक पैशाने घडविलेले ज्ञान दप्तरात अडकून पडते.

या व्यवस्थेचे खरे मोल बचतीहूनही मोठे आहे, असे मला वाटते. डेन्व्हर शहरात पर्जन्यजल वाहून नेण्याचा आकार मिळकतीवरील छपरे व फरसबंदी यांसारख्या, पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रावरून ठरतो; असा आकार भरणाऱ्या नागरिकास तो हवाई छायाचित्रांच्या ज्या पुराव्यावर बसविला तो अद्ययावत असल्याची खात्री हवी असते. गिल्पिनसारख्या अल्प वस्तीच्या डोंगरी परगण्यास, स्वबळावर क्वचितच परवडेल असा हा पुरावा, संपन्न शहराच्या जोडीने मिळू शकतो. कारभाऱ्यांत पाण्यावरून, रस्त्यांवरून, करांवरून मतभेद राहणारच. परंतु भूमी कशी आहे याविषयी दोघांपुढे एकच पुरावा असला, तर निदान तो वाद वस्तुस्थितीच्या पायावर होतो, आणि एवढ्यासाठी प्रत्येक नगराने आपल्या अंदाजपत्रकात हिश्श्याची तरतूद करणे हे त्याचे कर्तव्यच होय.